ओठांच्या मागे

वेळ अकराची दिली होती आणि ती सव्वादहालाच येऊन पोचली. घरी बसवेना. सकाळपासून तिनं दोनदा कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या होत्या, आरशाकडे पाठ करून संवाद म्हणून पाहिले होते, आणि ड्रायव्हरनं "मॅडम, बरं वाटत नाही का?" असं विचारलं तेव्हा तिला कळलं की आपण गाडीतही पुटपुटतोय. चौदा वर्षं आणि अकरा सिनेमे. पण अगदी पहिल्या सिनेमाचे दोन दिवस सोडले तर डबिंगला तिला कुणी बोलावलंच नव्हतं. हा बारावा. स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. जिना उतरताना रस्त्याचा आवाज पायरीपायरीनं कमी होत गेला आणि शेवटच्या पायरीवर एकदम बंद झाला, कानांवर कुणी तळहात ठेवावेत तसा. भिंतींना लावलेल्या जाड कापडाला कोंदट वास होता. टेबलापाशी कुणी नव्हतं. ती बोळातून आत गेली. रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार नीट लागलं नव्हतं, बोटभर उघडं राहिलं होतं, आणि त्या फटीतून तिला तिचा संवाद ऐकू आला.

"ते इंजेक्शन मी दिलं. चुकीचं दिलं."

संवाद तिचा होता, आवाज मात्र तिचा नव्हता. तिनं दार ढकललं. खोलीत अंधार, समोर मोठी काच, काचेपलीकडे पडदा, आणि पडद्यावर ती स्वतः: नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, हात पोटाशी धरलेले, मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर उभी. तिचे ओठ हलत होते. पडद्याच्या अलीकडे, छोट्या दिव्याच्या उजेडात एक पन्नाशीची बाई माईकसमोर उभी होती. चष्मा नाकावर उतरलेला, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, घड्याळ काढून कागदांच्या स्टँडवर ठेवलेलं. त्या ओठांकडे नजर लावून ती बाई बोलत होती, आणि बोलता बोलता खरोखर रडत होती.

राग नंतर आला. आधी जे वाटलं ते रागापेक्षा वाईट होतं. तिला वाटलं, किती छान म्हणतेय.

"अरे, मॅडम!" कोचावरचा दिग्दर्शक उडालाच. तिच्याहून आठ वर्षांनी लहान, दुसराच सिनेमा, दाढी मात्र दहा सिनेमे केल्यासारखी. "लवकर आलात."

"हे काय चाललंय?"

"काही नाही हो. सेफ्टी. दोन्ही ट्रॅक हाताशी असलेले बरे. निर्माते साहेब म्हणाले की..."

"तू मला शब्द दिला होतास."

"तो आहेच ना. अकरा वाजता तुमचंच आहे. दोन्ही ऐकू, मग ठरवू."

रेकॉर्डिस्टनं मान खाली घालून समोरच्या बटणांवर नसलेली धूळ पुसली. काचेपलीकडच्या बाईंनी रुमालानं डोळे टिपले, चष्मा वर केला, आणि तेव्हा त्यांना काचेमागे उभी असलेली ती दिसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तिला त्या बाईंचं नाव ठाऊक होतं, चेहरा नव्हता. त्या बाईंना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती पाठ होती.

शब्द दिला होता म्हणूनच तिनं हा सिनेमा घेतला होता. नर्सची भूमिका, मेकअप जवळजवळ नाही, गाणं एकही नाही. दिग्दर्शक घरी आला होता तेव्हा ती आत फोनवर भावाशी भांडत होती, आणि ते त्यानं बाहेरच्या खोलीतून ऐकलं. ती बाहेर आली तेव्हा हा उभाच. म्हणाला, "हा आवाज कुठे लपवून ठेवला होतात? मला हीच नर्स पाहिजे. वीस वर्षं ड्यूटी करून घसा बसलेली." त्या वाक्यासाठी तिनं कथा न वाचता होकार दिला असता. कुणी तिच्या आवाजाला 'हा आवाज' म्हणावं, आणि म्हणताना तोंड वाकडं करू नये, असं ऐकून किती वर्षं झाली होती, याचा तिलाच पत्ता नव्हता.

तसा आवाज घेऊन ती जन्माला आली नव्हती. सहाव्या वर्षी तीन आठवडे ताप आला, घसा आतून सुजला, आणि ताप गेल्यावर उतरलेला आवाज पुन्हा वर चढलाच नाही. दादानं तिचं नाव 'भोंगा' ठेवलं. दुकानातला फोन तिनं उचलला की पलीकडचा माणूस म्हणायचा, "साहेब, चष्मा झाला का?" आणि ती तितक्याच गंभीरपणे सांगायची, "उद्या या." बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेची कपाटं आणि मागे अरुंद खोली, तिथं काचा घासायचं चाक. सकाळी शाळेआधी अर्धा तास ती स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, कारण बाबांचे हात आणि डोळे कामात असत. चाकावर थेंबथेंब पाणी पडायचं, काच चाकाला लागली की दात शिवशिवतील असा आवाज व्हायचा, आणि त्याच्यावर चढून तिला कोर्टाच्या बातम्या वाचाव्या लागायच्या. "मोठ्यानं," बाबा म्हणायचे, "आधी चाकाला ऐकू जाऊ दे, मग मला येईल." ते बातमीवर काही बोलायचे नाहीत. फक्त एखादं वाक्य तिनं गिळलं तर चाक थांबवायचे, आणि ती ते पुन्हा वाचायची. त्या खोलीत तिला आवाज होता, एवढंच. तो चांगला की वाईट, हा प्रश्न तिथं कुणी काढला नव्हता.

तो प्रश्न पुढे निघाला. ती सतरा वर्षांची असताना एक फोटोग्राफर चष्म्याची मोडकी काडी घेऊन दुकानात आला. चष्म्याशिवाय त्याला समोरचं कपाटही दिसत नव्हतं. बाबांनी काडी बसवली, त्यानं चष्मा चढवला, आणि काउंटरमागे ती दिसली. पुढे हा किस्सा तो प्रत्येक पार्टीत रंगवून सांगायचा. आधी साबणाची जाहिरात झाली. मग घड्याळं, शिलाई मशीन, अंगाला लावायचं क्रीम, एकदा तर सिमेंट, दिवसभर एका भिंतीला हात लावून ती हसत उभी होती, आणि फोटो बघून दादा म्हणाला, "भिंत जास्त छान आलीय." दिव्यांच्या उष्णतेनं पापण्या जड व्हायच्या, टाचा बधिर व्हायच्या, आणि कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाआडून सूचना यायच्या: हनुवटी खाली, ओठ जरा विलग, जरा अजून, छान, आता बोलू नकोस, जबडा हलतो. बोलायची वेळच येत नव्हती. आली ती एकदा, एका एजन्सीच्या ऑफिसात. तिथला मोठा माणूस तिचे फोटो बघून उठून उभा राहिला होता. ती "नमस्कार" म्हणाली. त्याचं हसू खाली आलं आणि लगेच त्यानं ते सावरलं, हातातून निसटलेला पेला जमिनीवर पडण्याआधी झेलावा तसं. बस्स, एवढंच. तो एक शब्दही वावगं बोलला नाही. पण त्या दिवसापासून ती मान हलवून उत्तरं द्यायला शिकली, हसून वेळ निभवायला शिकली, आणि आठ वर्षांत लोक तिला शालीन म्हणायला लागले.

"मॅडम, चहा सांगू?" दिग्दर्शक विचारत होता.

"मी घेते," ती म्हणाली आणि बाहेर आली.

बोळाच्या टोकाला चहाची खोली होती. एक ओटा, एक किटली, दोन खुर्च्या. ती पाण्याची धार बघत उभी राहिली. मागे पावलं वाजली नाहीत, तरी तिला कळलं. त्या बाई अनवाणीच आल्या होत्या, हातात थर्मास. स्टुडिओत सगळे त्यांना ताई म्हणत.

"गरम पाणी आहे का अजून?" ताईंनी विचारलं. साधा, किंचित थकलेला आवाज. हा आवाज बोलताना ऐकून तिच्या अंगावर काटा आला. सिनेमात प्रेमात पडणारा, मुलाला जोजवणारा, कोर्टात किंचाळणारा आपला आवाज थर्मासात पाणी भरायला आलाय.

"आहे," ती म्हणाली. आणि तिच्या तोंडून ते मऊ, श्वासात भिजवलेलं निघालं, चारचौघांत निघायचं तसं. अगदी ताईंसारखं. ताईंनी वर बघितलं. दोघींनाही ते ऐकू आलं होतं.

"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल," ताई म्हणाल्या. मग थर्मासात पाणी ओतता ओतता, "तुम्ही बोलण्याआधी डावा खांदा उचलता. माहीत आहे तुम्हांला?"

"नाही."

"एवढासा. मी अकरा सिनेमे त्या खांद्यावर श्वास घेतलाय. एकदा तुमचा हात मोडला होता, प्लास्टर होतं, आठवतं? तो सिनेमा करताना माझा जीव गेला. खांदाच हलेना."

तिला हसू आलं. आता बोलायला हवं होतं. तिला माहीत होतं काय बोलायला हवं ते. आठ वर्षांपूर्वी सहाव्या सिनेमाला अभिनयाचं बक्षीस मिळालं, त्यानंतरची मुलाखत. समोर बसलेली बाई म्हणाली होती, "चेहऱ्याचं सोडा, पण हा मधाळ आवाज! रियाज वगैरे करता का?" कॅमेरा चालू होता. एका वाक्यात संपलं असतं: आवाज माझा नाही, त्यांचं नाव अमुक. तिनं ओठ उघडले, आणि तो उसना मधाळपणा लावून म्हणाली, "देणगी आहे. बाकी थोडी मेहनत." बाईंनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिनं तीन वेळा तोंड धुतलं होतं.

"ती मुलाखत," ती म्हणाली.

ताईंनी झाकण लावलं. घट्ट आहे की नाही ते उलटं करून बघितलं. "मी कपड्यांच्या घड्या घालत होते. टीव्ही समोरच. सासूबाई शेजारी बसलेल्या. तुम्ही म्हणालात, देणगी. सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, 'अगं, आवाज तिचाच आहे म्हणते. मग तू इतकी वर्षं रोज सकाळी डबा घेऊन जातेस कुठे?'"

त्या हसल्या. विनोद म्हणूनच त्यांनी तो आजवर दहा जणांना सांगितला असणार. थांबायची जागाही ठरलेली होती. पण पुढचं त्यांनी कुणाला सांगितलं नसावं. "हसण्यावारी गेलं. पण दोन दिवस त्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. आणि मी काय दाखवणार? सिनेमाच्या टायटलमध्ये माझं नाव नाही. पडद्यावर मी नाही."

"मी घाबरले होते," ती म्हणाली. एवढंच बाहेर आलं.

"तेही कळलं मला. मुलाखतीत तुमचा खांदा वर गेला तो खालीच आला नाही." ताईंनी थर्मास छातीशी धरला. "चला. अकरा वाजले."

आत गेल्यावर तिनं चपला काढल्या, घड्याळ काढून स्टँडवर ठेवलं. गालिचा ताईंच्या पायांनी अजून कोमट होता. हेडफोन चढवल्यावर जग आणखी आक्रसलं. स्वतःचं गिळणंही ढोल वाजल्यासारखं ऐकू येत होतं. पडद्यावर नर्स आली. तीन टिकटिक झाल्या, चौथीला बोलायचं.

"ते इंजेक्शन मी दिलं. चुकीचं दिलं."

"ओठांच्या मागे राहिलं," रेकॉर्डिस्ट कानात म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा. मग पुढे गेलं. मग बरोबर बसलं, पण दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, जरा गोड होतंय." ती दचकली. गोड होतंय हे तिलाही ऐकू येत होतं; प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी तिचा आवाज ताईंच्या वळणानं खाली उतरत होता, तोच ओलावा, तोच छोटासा हुंदका. चौदा वर्षं अंधारात बसून ज्या बाईला ऐकलं तिचीच नक्कल ती करत होती, आणि नक्कल म्हणून ती वाईट होती. पाचवा टेक. सहावा. काचेपलीकडे दिग्दर्शकानं मोबाईलकडे नजर टाकली आणि तिला वाटलं, ठरलंय यांचं. आपल्याला खेळवताहेत, नंतर 'प्रयत्न केला बिचारीनं' म्हणायला मोकळे. सातव्या टेकला तिचे शब्दच चुकले.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात ती तीन दिवस मोकळी काढून गेली होती. दवाखान्याच्या खोलीत ते डोळे मिटून पडले होते. तिला भेटायला नर्सेस, डॉक्टर, शेजारच्या खोलीतले लोक दारात उभे; सगळे हसरे, सगळे बघणारे. बाबा म्हणाले, "पेपर वाच." ती स्टुलावर बसली आणि वाचायला लागली. दोन बातम्या झाल्यावर बाबांनी डोळे न उघडताच विचारलं, "कोण वाचतंय?" दारातले लोक हसले. ती म्हणाली, "मी आहे बाबा." त्याच मऊ आवाजात म्हणाली. लोकांसमोर दुसरा निघेचना. बाबांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, ओळखलं, आणि मग परत मिटून घेतले, काही शिष्टाचार पाळायचा राहिला होता तो पाळल्यासारखे. पहिल्या सिनेमाच्या वेळी ते मध्यंतरात उठून बाहेर आले होते. आई तिचा हात धरून आत बसलेली, लोक टाळ्या वाजवत होते, आणि ती मागे धावत बाहेर गेली तर बाबा फुटपाथवर उभे. तिचं दोन दिवसांचं डबिंग टाकून दिलंय, दुसरीचा आवाज घातलाय, हे तिलाही त्या अंधारातच कळलं होतं. बाबा रागावले नव्हते. "छान दिसतेस," म्हणाले. "पण डोळे मिटले की तू तिथं नसतेस." चष्मेवाल्यानं असं म्हणावं, म्हणून तेव्हा ती चिडली होती. दवाखान्यात चिडायलाही जागा नव्हती. चौथ्या दिवशी ती शूटिंगला परत गेली, आणि सहाव्या दिवशी दादाचा फोन आला.

कानात खरखर झाली. दिग्दर्शक नव्हता. ताई होत्या. त्या गेल्या नव्हत्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसून त्यांनी बटण दाबलं होतं.

"तुम्ही ओठांच्या मागे धावताय," ताई म्हणाल्या. "मी धावते, कारण ते ओठ माझे नाहीत. मला पकडावे लागतात. तुम्हांला कशाला धावायचंय?"

तिनं हेडफोन कानांवर नीट दाबले.

"पडद्याकडे बघू नका. माईकला जरा लांब उभ्या राहा. आणि समोर ती बाई आहे ना, नवरा गेलेली, तिला रडायला येत असेल तर येऊ दे. तुम्ही नका तिला रडवू. तिला फक्त ऐकू गेलं पाहिजे."

तिनं दोन पावलं मागे घेतली. खांदा उचलला जातोय हे पहिल्यांदाच तिला आतून जाणवलं, आणि तिनं तो खाली सोडला. टिकटिक झाल्या. तिला वाटलं, मध्ये चाकासारखा केवढा मोठा आवाज चालू आहे, आणि त्याच्यावरून पलीकडे पोचायचंय. गोड लागायचं नाही, नुसतं पोचायचंय. तिनं ते वाक्य म्हटलं. कोरडं, जाड, एका ठिकाणी चिरलेलं. मग पुढचं म्हटलं, त्याच्या पुढचंही, सगळा प्रसंग, चार मिनिटं, मध्ये कुणी थांबवलं नाही.

"बसलं," रेकॉर्डिस्ट शेवटी म्हणाला. इतका वेळ त्यानं एकही मत दिलं नव्हतं. "दोन ठिकाणी सरकवावं लागेल. पण बसलं."

दिग्दर्शकानं दाढी चोळली. त्याला आवडलं होतं, आणि आवडल्यामुळेच तो अडचणीत आला होता. "साहेबांना विचारावं लागेल," तो म्हणाला, आणि तिथूनच निर्मात्याला फोन लावून दोन्ही तुकडे ऐकवले. फोन स्पीकरवर होता. "पहिला घ्या," साहेब म्हणाले. "दुसरं कोण आहे? वॉचमन?"

"दुसरी मी आहे, साहेब," ती म्हणाली.

"अहो, तुम्ही तिथंच का! नाही, रागावू नका. पण व्यवहाराचं बोलतो. लोक तुमच्या चेहऱ्यावर येतात, घशावर नाही. चौदा वर्षं त्यांनी एक आवाज ऐकलाय. आता मध्येच हा आला तर हसतील."

ताई थर्मास पिशवीत ठेवत होत्या. तिला त्यांची पाठ दिसत होती. ती ऐकत होती ती स्वतःलाच, अगदी थंड, अगदी जाड आवाजात: "मग मीच त्यांना सांगते. पुढच्या आठवड्यात पत्रकारांना बोलावलंय ना तुम्ही? तिथं सांगते की अकराच्या अकरा सिनेमांत आवाज माझा नव्हता. बाईंचं नावही सांगते. बक्षीस मिळालं त्या सिनेमासकट. त्यापेक्षा माझा आवाज ठेवा आणि विषय मिटवा."

साहेबांचे मागचे तीन सिनेमे तिचेच होते. "दिग्दर्शकाला द्या," साहेब म्हणाले. स्पीकर बंद झाला. दिग्दर्शक 'हो, हो' करत बोळात गेला, आणि दोन मिनिटांनी परत आला तो अंगठा वर करूनच. "तुमचा. तुमचाच ठेवतोय."

जिंकल्याचं सुख तिला जेमतेम श्वासभर मिळालं. ताईंनी चपला पायात घातल्या आणि तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक सांगू? माझं नाव आजवर कुणी घेतलं नाही. त्याची सवय झाली. पण आज पहिल्यांदा घेतलंत, ते धाक दाखवायला घेतलंत."

"तसं नाही, ताई..."

"तसंच आहे. आणि माझी सकाळ वाया गेली ती गेलीच, त्याचं काही नाही, चांगला आवाज होता, राहायलाच हवा होता. पण माझं नाव घ्यायचं असेल तर नीट घ्या. नाहीतर घेऊ नका."

त्या जिना चढून गेल्या. खाली उभं राहून तिनं त्यांची पावलं मोजली. चपलांत असल्यामुळे आता ती वाजत होती. बाहेरचं दार उघडलं तसा रस्त्याचा आवाज तेवढ्यापुरता आत आला आणि दार लागल्यावर गेला. दिग्दर्शक पुढच्या रिळांचं बोलत होता. त्या दिवशी तिनं संध्याकाळपर्यंत डबिंग केलं, चांगलं केलं, आणि एका वाक्यातही तिला आनंद झाला नाही.

तो आठवडा तिला झोप लागली नाही. सांगायची आता गरजच उरली नव्हती, हीच अडचण होती. हवं होतं ते मिळालं होतं. न सांगितलं तर साहेब खूश, बक्षीस कपाटात, क्रीमचे फोटो चौकाचौकांत. आरशासमोर दात घासताना ती बोलायचं ठरवायची आणि चूळ भरताना मोडायची. आईला फोन केला तर आई म्हणाली, "कशाला उकरून काढतेस? लोक विसरलेत." लोक विसरले नव्हते, त्यांना मुळात माहीतच नव्हतं.

पत्रकारांसमोर ती शेवटी बसली, एका टोकाला. चौथा का पाचवा प्रश्न तिला आला, नर्सच्या कपड्यांविषयी. ती उभी राहिली. खांदा खाली ठेवला. "माझ्या आधीच्या अकरा सिनेमांत तुम्ही जो आवाज ऐकलात तो माझा नव्हता," ती म्हणाली, त्या जाड आवाजात, आणि पुढच्या रांगेतल्या एकानं माईक खराब आहे की काय म्हणून मागे वळून बघितलं. तिनं ताईंचं पूर्ण नाव सांगितलं. कोणते सिनेमे, तेही सांगितलं. "आठ वर्षांपूर्वी मला कॅमेऱ्यासमोर विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं. माझं मीच बोलले." साहेबांचा चेहरा तिनं बघितला नाही. बघितला असता तर खाली बसली असती.

वर्तमानपत्रांनी पाच-सहा दिवस मजा मारली. एका नकलाकारानं टीव्हीवर तिचं सोंग काढलं, बाईच्या कपड्यांत आणि पैलवानाच्या आवाजात. बक्षीस देणाऱ्या संस्थेचं खुलासा मागणारं पत्र आलं. तिनं खुलाशाऐवजी बक्षीसच परत पाठवलं. क्रीमवाल्यांनी फोटो उतरवले. दादाचा फोन आला, "भोंगा, वाजलीस शेवटी!" ताईंचा फोन आला नाही. सिनेमा लागायच्या आधी एकदा त्या स्टुडिओच्या जिन्यावर भेटल्या, ताई वर येत होत्या, ती खाली जात होती. "फायदा काय झाला ते विचारू नका," ताई म्हणाल्या. "दोन ठिकाणची कामं गेली. म्हणतात, तुमचा आवाज आता लोक ओळखतात. एका ठिकाणी नाव लावून देतायत." त्यांनी थर्मास या हातातून त्या हातात घेतला. "पण नीट घेतलंत," म्हणाल्या, आणि वाट द्यायला भिंतीला सरकल्या. ती पुढे जाईपर्यंत तशाच थांबल्या.

सिनेमा लागला आणि तिसऱ्याच दिवशी गर्दी ओसरली. पाचव्या दिवशी दुपारी ती एकटीच थिएटरात गेली, डोक्यावरून ओढणी घेऊन, कडेच्या खुर्चीत. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. पडद्यावर तिनं तोंड उघडलं तेव्हा पुढे कुठेतरी कुणी फिसकन हसलं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. मागच्या रांगेत दोन बायका होत्या. त्यातली एक सुरुवातीपासून काहीबाही बोलत होती, नर्सचे केस असे का, घर एवढं अंधारं का. मध्यंतर झालं, तिला उठून जावंसं वाटलं, ती उठली नाही. मग तो प्रसंग आला. मेलेल्या माणसाची बायको दारात, समोर नर्स. पडद्यावरच्या बाईनं आता बोलूच नये, आणखी थोडा वेळ अशीच उभी राहावी, असं तिला वाटत होतं.

"अगं बाई," मागची कुजबुजली, "आवाज बघ ना हिचा. पुरुषासारखा. मी म्हणते, एवढी सुंदर बाई आणि..."

"गप गं," दुसरी म्हणाली. "ऐकू दे."